साथीला कोण?
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय फलकावर ‘ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी’ असा लिहिला आहे. चूक आयोजकांची नाही, वक्त्यानेच तसं कळवलं होतं. खरा विषय सांगितला असता तर आज खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. (हशा) कार्यक्रमपत्रिकेत गायकाचं नाव ठळक आणि तबलजी ‘साथीला’ म्हणून तळाशी, यावर प्रस्तुत वक्त्याचा जुना राग आहे. आज तो क्यूबामार्गे निघणार आहे.

29 सप्टेंबर 1947. न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. त्या संध्याकाळी गायिका एला फिट्झजेराल्ड होती, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर होता, गिलेस्पीचा बिग बँड होता. या ताफ्यात एक माणूस उघड्या तळव्यांनी उंच पिंप वाजवत होता. तो हवानाचा चानो पोसो आणि ते पिंप म्हणजे काँगा. जॉर्ज रसेलच्या ‘क्युबानो बी, क्युबानो बॉप’ या रचनेत तो मागे बसून ठेका धरणारा उरला नाही. बँडने त्याच्याभोवती फिरायचं, असा मामला झाला.

गिलेस्पी आणि पोसो यांची गाठ घालून दिली मारिओ बाउसाने. तोही हवानाचाच. कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये तो गिलेस्पीबरोबर ट्रम्पेट वाजवत असे. पुढे गायक माचितोच्या बँडमध्ये त्याने क्यूबन ठेक्यावर जॅझ चढवलं, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता जरा हात मोकळे करा. क्यूबन संगीताचा कणा म्हणजे क्लावे. वीतभर लांबीच्या दोन लाकडी दांड्या. एक पोकळ धरलेल्या मुठीवर अलगद ठेवायची, दुसरीने तिच्यावर आघात करायचा. आपल्या तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा. क्लावेच्या ठेक्याच्या टाळ्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. चला... नाही, पुन्हा. मागच्या रांगेतले काका नवव्या मात्रेवर वाजवतात. काका, तिथे आपली खाली असते आणि त्यांचीही शांतताच! (हशा) तीनतालाच्या टाळ्या एक, पाच आणि तेरावर. म्हणजे पहिली आणि तेरावी दोन्हीकडे आहे. यावरून कोणतंही नातं सिद्ध होत नाही. प्राध्यापकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. पण सभागृहाचा तोल सुटला तो बरोबर अकरावीवर, हे नोंदवून ठेवा.

या खेळात दहा मिनिटं गेली. असो.

पोसोला नोटेशन वाचता येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम, आणि गिलेस्पीला स्पॅनिश येत नव्हतं. मग बँडच्या बसमध्ये काय चाले? पोसो एक ढोल गिलेस्पीच्या हाती देई, एक बासवादक अल मॅकिबनच्या, एक स्वतः घेई आणि प्रत्येकाला वेगळा ठेका लावून देई. असा तो रियाज! ‘मांतेका’ ही दोघांची रचनाही तोंडीच उतरली. बासने काय वाजवायचं, सॅक्सोफोनने काय, ते पोसोने गाऊन दाखवलं. मधला भाग गिलेस्पीचा. आठ मात्रासमूहांत आटोपेल असं त्याला वाटलं होतं, पण मूळ स्वराकडे परतायची वाट सापडेना, म्हणून तो सोळांपर्यंत लांबला. संगीत कागदावर उतरवलं गिल फुलरने. आता सांगा, यात साथीला कोण?

मांतेका म्हणजे डुकराची चरबी. दुसरा अर्थ नशेच्या वस्तूचा आहे. अध्यक्षांसमोर त्यात शिरत नाही.

‘मांतेका’चं ध्वनिमुद्रण झालं 30 डिसेंबर 1947 रोजी. पुढच्याच डिसेंबरात हार्लेममधल्या एका बारमध्ये पोसोला गोळ्या घातल्या गेल्या. वय 33.

चिठ्ठी आली आहे: ‘पाच मिनिटे’. ‘अलबेला’ चित्रपटात गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो, तिथून संगीतकार सी. रामचंद्रांकडे आणि मुंबईतल्या बाँगोंकडे जायचं होतं. ते पुढच्या वसंतात, बोलावलंत तर. ‘मांतेका’ची तबकडी तीन मिनिटांची आहे, तेवढी बसते. दादा, लावा. आणि मंडळी, सुरुवातीला ट्रम्पेट शोधू नका.