वलयांतील परका अणु

१८८२ सालीं झुरिक येथें व्हिक्टर मायर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विद्यार्थ्यांपुढें बेंझीनची एक साधी कसोटी करून दाखवीत होते. बेंझीन, आयसाटिन नांवाचें द्रव्य व तीव्र गंधकाम्ल हीं एकत्र हलविलीं कीं गर्द निळा रंग उमटतो, आणि तो उमटला कीं बेंझीनची ओळख पटली, असा त्या काळचा सर्वमान्य समज होता. त्या दिवशीं मात्र रंग उमटलाच नाहीं. सहायक सँडमायर यांनीं खुलासा केला, कीं दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलें नेहमींचें बेंझीन संपलें असल्यानें बेंझोइक आम्लापासून नुकतेंच तयार केलेलें बेंझीन वापरलें आहे.

दुसरा एखादा शिक्षक नेहमींची बाटली मागवून मोकळा झाला असता. मायर यांनीं निराळा तर्क केला. अधिक शुद्ध बेंझीन जर रंग देत नसेल, तर तो रंग बेंझीनचा नव्हेच. डांबरी बेंझीनमध्यें दडून बसलेल्या कोणा दुसऱ्याच पदार्थाचा तो असला पाहिजे. डांबरी बेंझीन गंधकाम्लाबरोबर पुष्कळ वेळ घुसळलें, तर तेंहि निळा रंग देईनासें होतें, असें दिसून आलें. आम्लानें उचललेला पदार्थ त्यांनीं सोडवून घेतला व त्यास थायोफीन हें नांव दिलें. बेंझीन ८० अंशांवर उकळतें, तर थायोफीन ८४ अंशांवर. दोहोंचें बाह्य रूप व गुण इतके सारखे, कीं डांबरी बेंझीनमध्यें शेंकडा अर्धा भाग थायोफीन असूनहि तें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

खरें आश्चर्य यापुढेंच आहे. बेंझीनचा रेणु म्हणजे कर्बाच्या सहा अणूंचें वलय, हें केकुले यांनीं १८६५ सालीं सांगितलें होतें. थायोफीनच्या वलयांत पांचच अणु. त्यांतले चार कर्बाचे व एक गंधकाचा. कर्बाच्या वलयांत असा एखादा परका अणु येऊन बसला, म्हणजे त्या संयुगास विषमवलयी म्हणतात. पांच अणूंचें हें वलय सहा अणूंच्या वलयाचें जुळें भावंड कसें शोभतें?

या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकांत मिळालें. १९२५ सालीं रॉबिन्सन यांनीं इलेक्ट्रॉनांच्या षट्काची कल्पना मांडली, आणि १९३१ पासून ह्यूकेल यांनीं तिला गणिताचा आधार दिला. एकत्र कुटुंबांत प्रत्येक कमावता पुरुष आपल्या मिळकतीचा कांहीं भाग समाईक तिजोरींत टाकतो, तसाच हा व्यवहार आहे. बेंझीनमधील प्रत्येक कर्ब एकेक इलेक्ट्रॉन समाईक ठेवींत घालतो. बेरीज सहा होते. हे सहा इलेक्ट्रॉन कोणा एकाचे न राहतां सर्व वलयावर फिरतात, आणि त्यामुळें वलयाला विलक्षण स्थैर्य येतें. यालाच ॲरोमॅटिक गुण म्हणतात. थायोफीनमध्यें चार कर्ब चार इलेक्ट्रॉन देतात, आणि गंधक एकटा दोन देतो. बेरीज पुन्हां सहाच. भावंडांचें साम्य घराच्या आकारांत नसून तिजोरींतील शिलकेंत आहे.

परक्या अणूनें या ठेवींत किती भर घातली, यावर पुढील सारें वर्तन अवलंबून असतें. नत्राचा अणु याचें उत्तम उदाहरण होय. पायरोल व पिरिडीन हीं दोन्ही नत्रयुक्त वलयें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमध्यें अँडरसन यांनीं हाडांच्या तेलांतून वेगळीं केलीं. पायरोलच्या वलयांत चार कर्ब व एक नत्र. सहाची बेरीज साधण्यासाठीं नत्राला आपली इलेक्ट्रॉनांची जोडीच द्यावी लागते. पिरिडीनच्या वलयांत पांच कर्ब असल्यानें नत्रानें एकच इलेक्ट्रॉन दिला तरी भागतें, आणि त्याची जोडी त्याच्याच हातीं शिल्लक राहते.

एवढ्याशा फरकानें दोघांचे स्वभाव दोन टोकांस जातात. पिरिडीन आपल्या शिलकी जोडीनें आम्लाला धरून ठेवतें. तें अल्कधर्मी आहे. पायरोलजवळ मोकळी जोडी नाहीं. तीव्र आम्लानें त्याला बळजबरी केली, तर समाईक ठेवच मोडते व द्रवाची राळ होते. पायरोलमध्यें पांच अणूंवर सहा इलेक्ट्रॉन, म्हणजे वलय इलेक्ट्रॉनांनीं सधन. म्हणून इलेक्ट्रॉन शोधीत येणारीं द्रव्यें त्यावर, विशेषतः नत्राच्या शेजारच्या कर्बावर, तुटून पडतात. थायोफीनचीहि गोष्ट तीच, जरी वेग कमी. मायर यांच्या बाटलींत गंधकाम्लानें बेंझीनला सोडून थायोफीनला आधीं उचललें, त्याचें कारण हेंच. पिरिडीनमधील नत्र मात्र इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून शेजारच्या कर्बांना निर्धन करतो. त्यावर नायट्रो गट चढवावयाचा, तर सुमारें ३०० अंशांची उष्णता लागते, आणि तरीहि हातीं फारच थोडें लागतें. उलट, इलेक्ट्रॉन घेऊन येणाऱ्यांचें तें स्वागत करतें. सोडामाइडच्या साहाय्यानें पिरिडीनवर अमिनो गट बसवितां येतो, हें रशियन रसायनज्ञ चिचिबाबिन यांनीं १९१४ सालीं दाखविलें.

हा जमाखर्च केवळ प्रयोगशाळेपुरता नाहीं. रक्तांतील लोह व पानांतील मॅग्नेशियम यांना मध्यभागीं धरून ठेवणारीं चौकडीं पायरोलच्याच जातीच्या चार वलयांचीं बनलेलीं असतात. पिरिडीनचें वलय निकोटिनिक आम्लांत आहे. त्याच्या अभावीं पेलाग्रा नांवाचा रोग होतो, हें कोडें एल्व्हेजेम यांच्या १९३७ सालच्या संशोधनानें सुटलें. पेशींत या आम्लापासून झालेलें वलय अन्नांतून निघालेला हायड्रोजन दोन इलेक्ट्रॉनांसह नत्रासमोरच्या कर्बावर उचलून घेतें. त्या क्षणीं त्याचा ॲरोमॅटिक गुण जातो. हायड्रोजन पुढें पोंचता केला कीं तो परत मिळतो. ही देवघेव थांबली, तर श्वास घेऊनहि शरीराला बळ मिळणार नाहीं.

पिरिडीनच्याच एका संयुगानें क्षयरोगाचा इतिहास पालटला. आयसोनायाझिड हें द्रव्य १९१२ सालीं प्राग येथें हान्स मायर व योझेफ माली यांनीं प्रथम तयार केलें. त्याचा औषधी उपयोग तेव्हां कोणास ठाऊक नव्हता. चाळीस वर्षें तें ग्रंथांतील एक नोंद होऊन राहिलें. १९५२ सालीं त्याचा क्षयजंतूंवरील प्रभाव प्रसिद्ध झाला. पुढें कळलें, कीं जंतूच्या आंत त्याचा एक तुकडा सुटून वर सांगितलेल्या हायड्रोजन वाहणाऱ्या वलयाच्या नेमक्या त्याच कर्बाला, नत्रासमोरच्या कर्बाला, चिकटतो. मग जंतूच्या मेणचट भिंतीचें बांधकाम अडतें. मद्रास येथें १९५६ पासून झालेल्या चांचणींत या द्रव्याबरोबर दुसरें एक औषध देऊन कांहीं रोग्यांना घरींच ठेवलें, कांहींना आरोग्यधामांत. घरीं राहिलेल्यांनाहि जवळजवळ तितकाच गुण आला, आणि घरच्या माणसांना अधिक धोका झाला नाहीं, असें १९५९ सालीं जाहीर झालें. तोंवर ज्या रोगाचें निदान म्हणजे संसाराची ताटातूट, त्याचा रोगी आपल्या माणसांत राहून बरा होऊं लागला.

एकट्या आयसोनायाझिडला जंतु लवकर सरावतात. म्हणून तें आजहि इतर औषधांच्या जोडीनें, नेमलेल्या मुदतीपर्यंत न चुकतां घ्यावें लागतें. वलय तेंच, अणु तेच. परंतु नत्रानें आपली जोडी हातीं राखली, आणि त्या एका शिलकेवर पिरिडीनचा स्वभाव ठरला. क्षयजंतूला नेमकें कोठें गांठावें, तो कर्बहि त्याच स्वभावानें नेमून दिलेला आहे.