रुग्णाच्या उशाशी कायदा



वसंत ऋतूतील संध्याकाळी कायद्यावरचे व्याख्यान ऐकायला एवढी मंडळी यावीत याचा मला आनंद तर होतोच, पण थोडे नवलही वाटते. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणारे रानडे हे न्यायखात्यातलेच होते, एवढाच काय तो मला आधार. विषय आहे कायदा आणि परिचर्या. कायद्याची पुस्तके मी आयुष्यभर उघडली. परिचर्येशी मात्र माझा संबंध आला तो एका रात्री.

माझी आई एका इस्पितळात होती. रात्री अकराच्या सुमारास तिला एकाएकी धाप लागली. सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक इंजेक्शन सांगितले. आता ती धावत जाऊन ते देईल असे मला वाटले, पण तिने औषधाचे नाव आणि मात्रा फोनवर पुन्हा वाचून दाखवली, शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलावून तिला ऐकवली, वेळ घालून कागदावर लिहिली आणि मगच कुपी फोडली. मी भडकलो. ती शांतपणे म्हणाली, "काका, तोंडी ऑर्डर आहे. सकाळी साहेबांची सही होईपर्यंत ही माझी जबाबदारी." यात फार तर दोन मिनिटे गेली असतील. जन्मभर वकिली केलेल्या माणसाला त्या दोन मिनिटांतला कायदा कळला नाही, तो त्या मुलीला कळला होता, हे कबूल केले पाहिजे. चुकीच्या औषधाने रुग्ण दगावला तर उद्या कोर्टात पहिला प्रश्न येतो तो 'कोणी सांगितले' हा. तोंडच्या शब्दाला तिथे साक्षीदार लागतो. केसपेपरवर जे लिहिलेले नाही ते केलेच नाही असे धरले जाते, हे परिचारिकेला शिकतानाच सांगितलेले असते.

परिचारिकेची नोंदणी करणारा कायदा आपल्या मुंबई इलाख्यात १९३५ साली आला. १९४७ साली मध्यवर्ती परिषदेचा, १९६६ साली महाराष्ट्राचा, आणि २०२३ साली संसदेने ती १९४७ची व्यवस्था बदलून राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. या सगळ्यांचा मथितार्थ एकच. अंगावर पांढरा पोशाख चढवला म्हणून कोणी परिचारिका होत नाही, तिचे नाव नोंदपटावर असावे लागते. यावर अधिक बोलून मी आपली झोपेची वेळ अलीकडे आणणार नाही.

खरा प्रश्न निराळा आहे. परिचारिकेने चूक केली तर कायदा तिला विचारतो, ते योग्यच आहे. पण तिच्यावरच घाला पडला तर कायदा काय करतो? आणि रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला आहे की नाही?

या दोन्ही प्रश्नांना एकाच आयुष्यात तोंड द्यावे लागले, ते अरुणा शानबाग हिच्या. कारवार बाजूच्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होती. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या खाण्याची चोरी होते म्हणून तिने एका सफाई कामगाराला दटावले होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याने तिच्या गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ती पंचवीस वर्षांची होती. त्यानंतर ती जगली ती एक्केचाळीस वर्षांहून अधिक, त्याच रुग्णालयातल्या एका खाटेवर.

कायद्याने काय केले? गुन्हेगाराला खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी याबद्दल सात वर्षांची सजा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. शिवाय बलात्काराची त्या वेळची व्याख्या इतकी अरुंद होती की हा प्रकार तिच्यात बसत नव्हता. ती व्याख्या २०१३ साली रुंदावली. सात वर्षे भोगून तो सुटला. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा संप केला, तो सुरक्षिततेसाठी. महाराष्ट्रात रुग्णसेवकांवरील हिंसेविरुद्धचा कायदा आला तो २०१० साली. मधल्या काळाचा हिशेब आपणच करावा.

परंतु मला सांगायचे आहे ते पुढचे. १९८०नंतरच्या काळात पालिकेने तिला तिथून हलवून खाट मोकळी करण्याचा विचार केला, तेव्हा परिचारिका आडव्या आल्या आणि बेत सोडावा लागला. तिला भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे काम परिचारिकांच्या एका पिढीने दुसरीला सोपवले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होतात, हे घरी म्हातारी माणसे असलेल्यांना सांगायला नको. इतक्या वर्षांत तिला तशी जखम झाली नाही, असे रुग्णालयाचे सांगणे होते.

२००९ साली तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. असले जगणे लांबवू नये, हे त्यांचे म्हणणे होते. त्यात करुणा नव्हती असे मी म्हणणार नाही. परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही सांभाळू. तीन डॉक्टरांनी तिला तपासले. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या संमतीने, उपचार थांबवता येतील. पण अरुणाच्या वतीने बोलणारे तिचे खरे आप्त म्हणजे तिला सांभाळणारे रुग्णालयातले लोक. पुढे त्यांचेच मत बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा. त्यांचे मत बदलले नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली.

रक्ताचे नाते नसताना सेवेने नाते लागते, हे आपल्या कायद्याने एवढ्या स्पष्टपणे क्वचितच मान्य केले असेल. मला हा निकाल त्यातल्या इच्छामरणाच्या चर्चेपेक्षा या एका गोष्टीसाठी मोठा वाटतो.

आणि म्हणूनच पुढचे खटकते. २०१८ साली पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता उपचार थांबवायचे की नाही हे पाहायला रुग्णालयात मंडळ बसते: उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, त्यावर आणखी दुसरे मंडळ. आप्तांची संमती लागते. परिचारिकेला मात्र त्यात खुर्ची नाही. रात्री रुग्ण कोणत्या हाकेला डोळे उघडतो, कोणत्या घासाला तोंड फिरवतो, हे जिने पाहिलेले असते तिची नोंद फार तर वाचली जाते. तिला विचारावे, असे कलम नाही. मी तिच्या हाती निर्णय द्या म्हणत नाही, तो बोजा तिच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तिचे म्हणणे लिहून घ्यावे आणि त्याखाली तिची सही असावी, एवढे तरी व्हावे. माझ्या आईच्या वेळी त्या मुलीने डॉक्टरांचे शब्द लिहून घेतले होते. तिचे शब्द कोणी लिहून घेतल्याचे मला आठवत नाही.

सभागृहात काही परिचारिका भगिनी बसल्या आहेत असे चिटणीसांनी मघाशी सांगितले. मी जे बोललो त्यात कुठे चुकलो असेन तर प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी आधी बोलावे, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.