जुन्या होडीची किंमत



मी राहतो येलहंक्याला. मंगळूरचा समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरवर. तरी गेल्या वर्षी इथल्या जेवणाच्या टेबलावर बसून मी एका होडीची किंमत ठरवत होतो, त्याची ही हकिगत.

होडी माझ्या चुलतभावाची, मालवण तालुक्यातली. फायबरची, बावीस फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन. भाऊ फेब्रुवारीत गेला. आजारपणात वहिनीने पतसंस्थेचं १,४०,००० रुपये कर्ज काढलं होतं. दोन्ही मुलं मुंबईला, होडी चालवणार कोणी नाही. एक दलाल १,१०,००० रोख द्यायला तयार होता. वहिनीचा फोन आला, "चार लाखाच्या खाली देवची नाय, भावजी."

मी विचारलं, चार लाख कुठून आले? तर नवी होडी आणि इंजिन घेताना झालेला खर्च, वर दोन वर्षांपूर्वी रंगाला आणि इंजिनाला घातलेले साठ हजार. मंडळी, आपण सगळेच असं करतो. माझा शेजारी, हवाई दलातून निवृत्त झालेला शहाणा माणूस, जुनी स्कूटर विकताना नव्या टायरचे पैसे वर धरत होता. टायर घातले म्हणून स्कूटर चालते, तिची किंमत तेवढ्याने वाढत नाही.

फोटोंवरून किंमत सांगायची नाही, एवढं मला कळत होतं. रात्रीच्या बसने बेळगाव, तिथून आंबोली घाटाने खाली. जूनचा दुसरा आठवडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली. तपासायला हीच वेळ चांगली, तळ पूर्ण दिसतो.

नोकरीत मी अभियंता दलात होतो. नदी ओलांडायच्या होड्या, त्यांची इंजिनं, हे आमचंच काम. त्यामुळे पहिल्यांदा हात गेला तो मागच्या फळ्याकडे, ज्यावर इंजिन टांगलेलं असतं. फायबरच्या होडीत या फळ्याच्या पोटात बहुतेक वेळा प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी आत झिरपतं, लाकूड कुजतं, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. रुपयाच्या नाण्याने ठोकत गेलो. कडेला टणटण आवाज, मधे वीतभर जागेत नुसता धप्प. इंजिन धरून वरखाली हलवलं तर फळाही हलला.

दलाल शेजारीच उभा होता. म्हणाला, "साहेब, जेलकोटचा एक हात मारू, कोणाला कळणार नाही. मग मागा अडीच लाख, थोडं माझंही बघा."

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. कॅप्टन असताना असाच एक फळा मी वरवर बघून पास केला होता. कागदावर सही माझी. सरावात मधल्या धारेत इंजिन फळ्यासकट निखळून पाण्यात गेलं, आणि सुकाणूवरचा जवान त्याच्यामागे. दोर लगेच टाकला म्हणून तो हाती लागला. त्याचा खोकत वर आलेला चेहरा मला अजून दिसतो. दलालाला मी नको म्हणालो. वहिनीला कारण सांगितलं, ती बराच वेळ गप्प होती.

मग इंजिन. पाण्याच्या पिंपात बसवून थंड असतानाच सुरू करायला लावलं. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेलं इंजिन असेल तर शंका घ्यावी. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन दुसऱ्यापेक्षा बरंच कमी निघालं. म्हणजे रिंगा गेल्या.

आता हिशेब. आसपासच्या गावांत दोन वर्षांत याच मापाच्या, पाण्यात घालण्याजोग्या तीन होड्या गेल्या होत्या. मागितलेली किंमत नाही, हातात पडलेले पैसे मी विचारले: २,१०,०००, १,९५,००० आणि २,२५,०००. सरासरी २,१०,०००. फळा नवा करायला कारागिराने २८,००० सांगितले, इंजिनाला मेकॅनिकने १७,०००. वजा जाता राहिले १,६५,०००. घासाघिशीला दहा हजार ठेवून मागायची किंमत १,७५,०००. जाळी आणि नांगर वेगळे. ते होडीच्या किमतीत मिसळले की दोन्हींचा अंदाज चुकतो.

कागदांना मात्र मी पैशाइतकंच धरतो. नोंद आणि मासेमारीचा परवाना भावाच्या नावावर. आधी वारसांच्या नावावर, मग घेणाऱ्याच्या. मुलांची संमती आणून ठेवायला वहिनीला सांगितलं, कारण त्याशिवाय घेणारा पैसे अडकवून ठेवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

घेणारा निघाला भावाकडे आठ वर्षं खलाशी असलेला मुलगा. त्याला फळ्याचं ठाऊक होतं! तरी मी कारागिराचा आणि मेकॅनिकचा, दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने १,५५,००० म्हटलं, मी वहिनीकडे बघितलं. १,६५,००० ला ठरलं. १,२०,००० लगेच, उरलेले डिसेंबरपर्यंत. पतसंस्थेचे वीस हजार तेवढे लांबले. हप्ते चुकले तर काय, हे कागदावर लिहून घ्यायला मी लावलं. ओळखीच्या माणसाशी व्यवहार करताना लोक नेमकं हेच टाळतात.

वहिनीच्या मनात चार लाखांचा आकडा अजून आहे. परवाही फोनवर म्हणाली, पाच हजार तरी जास्त मिळाले असते. मिळालेही असते.

नारळी पौर्णिमेला मुलाने फोटो पाठवला. होडी पाण्यात, नाव भावाने ठेवलेलंच, आणि मागचा फळा कोरा. रंग द्यायला पैसे उरले नव्हते, असं त्याने खाली लिहिलं होतं.