किनाऱ्यापलीकडची भूमी : अरबी समुद्राच्या तळाची ओळख



शाळेच्या भिंतीवरील महाराष्ट्राच्या नकाशात सह्याद्रीचे कडे, गोदावरीचे खोरे, तापीचा खोलगट प्रदेश यांना निरनिराळे रंग दिलेले असतात. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या किनाऱ्याच्या पश्चिमेस मात्र एकच निळा रंग असतो. त्यामुळे विद्यार्थ्यांची, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी पुष्कळांची, अशी समजूत होऊन बसते की, किनाऱ्याशी जमीन संपते आणि पुढे केवळ पाणी आहे. वस्तुतः जमीन तेथे संपत नाही. ती पाण्याखाली जाते. तिचे चढउतार आपल्या खाडीत भरती किती चढावी, जाळ्यात कोणती मासळी यावी आणि देशाचा हक्क कोठवर पोहोचावा हे ठरवीत असतात. आज त्या भूमीविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे योजिले आहे.

हा तळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. पूर्वी दोरीला शिशाचा ओळंबा बांधून खोली वावांत मोजीत. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर प्रवास करून खोल समुद्रात सुमारे पाचशे ठिकाणीच अशी मोजणी केली, यावरून त्या कामाचे कष्ट ध्यानात येतील. पुढे प्रतिध्वनीचे यंत्र आले. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. तीन हजार मीटर खोलीवरून तो चार सेकंदांत परत येतो. तरीही जगाच्या सागरतळापैकी आधुनिक पद्धतीने नीट मोजला गेलेला भाग २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे २७ टक्केच होता. बाकीच्या भागाचे नकाशे उपग्रहांच्या अप्रत्यक्ष मोजणीवरून काढलेले, म्हणून ढोबळ आहेत.

आता मुंबईहून पश्चिमेस निघू या. पहिला टप्पा समुद्रबूड जमिनीचा, म्हणजेच भूखंडमंचाचा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा मंच मुंबई आणि खंबायतचे आखात यांच्यासमोर सर्वांत रुंद, सुमारे ३०० किलोमीटर आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत केरळच्या किनाऱ्यासमोर साठ-सत्तर किलोमीटरवर येतो. मुंबईपासून पुण्याकडे जाताना जितक्या अंतरात आपण घाट चढतो, त्याच्या कितीतरी पट अंतर समुद्रात गेल्यावरही पाण्याची खोली शंभर मीटरच्या आतच असते. किनाऱ्यालगतच्या भागावर नर्मदा व तापी यांनी आणलेला चिखल पसरला आहे. कोळंबीसाठी तळाशी जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला हा मऊ तळ पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. त्याच्या बाहेर चुनखडी वाळूचे एक मोठे सपाट पठार लागते. तेथील खोली सुमारे पन्नास वाव, म्हणजे नव्वद मीटर. म्हणून नाविकांनी त्याला पन्नास वावांचे पठार असेच नाव दिले. तेथील वाळूचे कित्येक कण उथळ, उबदार पाण्यातच तयार होऊ शकतात. मग ते नव्वद मीटर खोल कसे? कारण सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असता, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी मुंबईच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला किनारा गाठण्यासाठी पश्चिमेस कित्येक दिवस चालावे लागले असते. पुढे बर्फ वितळले, पाणी टप्प्याटप्प्याने चढले आणि ती भूमी बुडाली.

याच मंचावर, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ साली तेल शोधले. 'बॉम्बे हाय' हे नाव ऐकून तेथे एखादी टेकडी असेल असे वाटते. प्रत्यक्षात तेथील तळ सपाट असून पाणी पाऊणशे मीटरच्या आसपास आहे. उंचवटा आहे तो तळाच्याही खाली गाडल्या गेलेल्या जुन्या खडकांचा. त्यावर साचलेल्या चुनखडकात तेल सापडले. दक्षिणेकडे, विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेस, आणखी एक उंचवटा आहे. हा मात्र खरोखरच पाण्यात वर आलेला आहे. त्याच्या माथ्यावर काही ठिकाणी जेमतेम वीस मीटर पाणी असून तेथे प्रवाळांची वस्ती आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात.

या मंचाचा सर्वांत जवळचा परिणाम किनाऱ्यावरील पंचायतींना महिन्यातून दोनदा पाहावयास मिळतो. उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक गोव्यास सुमारे दोन मीटर, मुंबईस चार ते पाच मीटर, तर भावनगरास दहा मीटरांपर्यंत असतो. समुद्र एकच आणि चंद्रही एकच; फरक आहे तो तळाचा. रुंद व उथळ मंचावर आणि पुढे आखाताच्या निमुळत्या तोंडात पाणी कोंडले जाऊन उंच चढते. वादळाने ढकललेले पाणीही अशा उथळ तळावर अधिक चढते. खाडीकाठच्या खारबंदिस्तीची उंची ठरविताना म्हणूनच शेजारच्या जिल्ह्याचे माप उचलून चालत नाही.

त्सुनामीच्या बाबतीत हाच मंच थोडा उपकारकही ठरतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. तेथे सागरतळाचे कवच आशियाच्या भूखंडाखाली सरकते. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. तीन हजार मीटर पाण्यात तो ताशी सहाशे किलोमीटरांहून अधिक, तर पाऊणशे मीटर पाण्यात ताशी शंभराच्या आसपास राहतो. त्यामुळे लाट मुंबईस पोहोचेपर्यंत सकाळचे आठ वाजून गेले. माणसे वाहून गेल्याची नोंद आहे, कारण सूचना देणारी व्यवस्थाच त्या काळी नव्हती. २००७ पासून हैदराबाद येथील केंद्र अशा सूचना देते. मंचाने दिलेले ते तास गावापर्यंत निरोप पोहोचला तरच उपयोगी पडतील, हे येथे बसलेल्या अधिकाऱ्यांस मी वेगळे सांगावयास नको.

मंचाची कड ओलांडली की खंडान्त उतार लागतो आणि खोली शेकड्यांवरून हजारांवर जाते. या उतारावर सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू अत्यल्प असतो. खोल पाण्यात मासळी अमाप असेल, या कल्पनेस त्यामुळे आपल्या समुद्रात फारसा आधार नाही.

उताराच्या पायथ्याशी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधलेले तीन जलमग्न पर्वत आहेत. रामन, पणिक्कर आणि वाडिया अशी त्यांची नावे. त्यांपैकी वाडिया सपाट माथ्याचा आहे. त्यांच्या पश्चिमेस बव्हंशी गाळात दडलेली लक्ष्मी ही पर्वतरांग, आणि त्यापुढे सिंधू नदीने हिमालयातून आणून टाकलेल्या गाळाचा पंखा. या पंख्याची लांबी सुमारे १,५०० किलोमीटर आणि गाळाची जाडी काही ठिकाणी नऊ किलोमीटर आहे. जगात याहून मोठा पंखा एकच, तो आपल्याच बंगालच्या उपसागरात. या गाळाशी आपला हक्क निगडित आहे. राज्याचा मासेमारी कायदा बारा सागरी मैलांपर्यंत चालतो, देशाचे विशेष आर्थिक क्षेत्र दोनशे मैलांपर्यंत असते. परंतु त्यापलीकडील तळावर हक्क सांगावयाचा, तर तेथील गाळाची जाडी हा आंतरराष्ट्रीय कायद्यातील एक निकष आहे. भारताने ११ मे २००९ रोजी असा दावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे सादर केला.

मुंबईपासून जवळपास दोन हजार किलोमीटर नैऋत्येस कार्ल्सबर्ग ही पर्वतरांग उभी आहे. ती तळापासून कळसूबाईच्या उंचीहूनही अधिक उठते, तरी पाण्याबाहेर डोके काढीत नाही. 'दाना' या डॅनिश जहाजाच्या १९२८ ते १९३० च्या मोहिमेने तिला हे नाव दिले. तिच्या माथ्यावरील भेगेतून तप्त शिलारस वर येऊन नवा तळ तयार होतो आणि तो दोन्ही बाजूंस मिळून वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर सरकतो. १९६२ साली 'ओवेन' या जहाजाने येथे केलेल्या चुंबकीय मोजणीवरून केंब्रिजच्या व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये तळाच्या या पसरण्याचा पुरावा मांडला. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात या शोधाबरोबर अटलांटिकचे चित्र असते, अरबी समुद्राचे क्वचितच. याचे मला नवल वाटते. सेशेल्स बेटे सहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्याला जोडलेली होती. ती याच पसरण्याने दूर गेली. या रांगेवरील धातूयुक्त सल्फाइडांच्या शोधासाठी भारताने २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार केला आहे.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. फळ्यावर किंवा वहीत तीस सेंटिमीटरची आडवी रेघ काढावी व तिला तीनशे किलोमीटरचा मंच मानावे. त्याच प्रमाणात शंभर मीटर खोली दाखवावयाची, तर ती मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे रेघेच्या जाडीहूनही कमी भरते. त्यापुढील तीन हजार मीटरचा उतार तीन मिलिमीटरांत बसतो. पाठ्यपुस्तकातील आकृतीत तोच उतार कड्यासारखा का दिसतो, हे मुलांनाच विचारावे.