पिकअप मागून खाली घ्यायची, पण कुठवर?



कापूस आता बैलगाडीपेक्षा पिकअपमधून जास्त जातो. गाडी बहुधा जुनी घेतलेली असते आणि जादा माल भरता यावा म्हणून आधीच्या मालकाने मागे एक-दोन पाटे वाढवलेले असतात. मग रिकामी गाडी मागून टोळासारखी उंच दिसते. हौदा छातीला लागतो, गाठोडी चढवताना बायांचे खांदे भरून येतात, आणि खड्ड्यात मागची चाके उडतात. मालक मिस्त्रीला सांगतो, "खाली घे बाबा." आमचे म्हणणे एवढेच की जरूर घ्या, पण कंपनीने दिलेल्या उंचीपर्यंतच. वाढवलेले पाटे काढा, कंपनीचे मूळ पाटे मात्र एकही कमी करू नका.

मूळ पाटा काढला की त्याचा भार उरलेल्यांवर येतो. मुख्य पाटा तुटला तर एक्सल सरकते आणि भरली गाडी एका बाजूला ओढते. कापूस हलका, पण रचलेला उंच, कडब्याचेही तेच. पाटे नरम झाले की असा माल वळणावर झुलतो. मागे बसलेल्या मजूर बायांचे काय होईल ते सांगायला नको. (माल भरून त्यावर माणसे बसवणे हे तर मुळातच चूक.)

गॅसने पाटा तापवून बसवून देणारेही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेले असते. ज्योत लागली की ते जाते आणि पुढे पाटा तिथेच तुटतो. ठोकळ्यांचेही ऐका. पाटा एक्सलच्या वर बसलेला असेल तर मध्ये ठोकळा घातल्याने गाडी खाली येत नाही, उलट उंच होते. हे न पाहता ठोकळे विकले जातात.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

आता कामाची रीत. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून गाडी पक्क्या फरशीवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चासीखाली लोखंडी घोडे ठेवा, विटा नकोत, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणी शिरू नये. एक्सलला खालून वेगळा जॅक द्या. पाट्यांचा मधला बोल्ट सोडण्याआधी संच दोन शिकंज्यांत आवळा. नाहीतर पाटे झटक्यात उघडतात आणि बोटे जातात. दोन्ही बाजूंचे पाटे सारखेच काढा. जुना यू-बोल्ट आता लांब पडतो, त्याची चुडी संपली की नट आवळला असे वाटते पण पाटा सैलच राहतो. योग्य मापाचे नवे यू-बोल्ट घ्या, चारही नट आळीपाळीने आवळा, आणि पहिली खेप झाल्यावर पुन्हा तपासा.

एक गोष्ट मिस्त्रीही विसरतात. काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून ब्रेकच्या झडपेला दांडी जोडलेली असते. मागचा भाग दबला की गाडी भरली असे धरून ती मागच्या ब्रेकला जास्त जोर देते. पाटे वाढवताना कुणी ही दांडी नव्या उंचीला जुळवली असेल आणि आता तशीच राहिली, तर रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होतात. ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. दांडी कंपनीच्या मापावर आणून घ्या. दिव्यांचा झोतही पुन्हा लावावा लागतो, कारण मागचा भाग खाली आला की तो वर उठतो.

एवढे करूनही हौदा उंच वाटला तर गाडीला हात लावू नका, जमीन उंच करा. धुऱ्याजवळ दगड-मुरुमाचा हौद्याएवढा ओटा रचला, गाडी त्याला पाठ लावून उभी केली, की गाठोडी सरळ ढकलता येतात. मुरूम पावसाळ्याआधी टाकावा, म्हणजे वेचणीपर्यंत दबून बसतो.