हरणं राखणदाराची वेळ ओळखतात



हरभऱ्याला घाटे लागले, तूर फुलावर आली, की गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. दिवसा एक हरिण दिसत नाही, अन् सकाळी बघावं तर पीक खाल्लेलं! असं का होतं, ते आज पाहू.

सोलापूर, अहिल्यानगरकडचं काळवीट हे मूळचं दिवसा, उघड्या माळावर चरणारं जनावर. पण जिथं शिकारी फिरतो, कुत्री मागं लागतात, तिथं ते आपली वेळ बदलतं. चितळ आणि विदर्भातला रोहीही तसंच करतात. दिवसा झुडपात दडायचं, अंधार पडला की बाहेर यायचं. जगभरच्या ६२ जातींच्या प्राण्यांवरील ७६ अभ्यास २०१८ साली एकत्र तपासले गेले. त्यांतही हेच दिसलं. माणसाचा वावर वाढला, की प्राणी रात्री जास्त हिंडतात.

दुसरी गोष्ट अशी, की ही जनावरं रवंथ करणारी. भराभर ओरबाडायचं आणि आडोशाला जाऊन निवांत चघळायचं, ही त्यांची रीत. भ्यालेलं जनावर आडोशापासून लांब जात नाही. म्हणून ओढ्याकाठचं, झुडपालगतचं पीक आधी जातं.

मग करायचं काय?

जागल रोज एकाच वेळी, एकाच माळ्यावरून करू नका. पहाटेची वेळ चुकवू नका. बुजगावणं लवकरच ओळखीचं होतं, त्याची जागा बदलत राहा. रोही पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी लेंड्या टाकतात. ते ढीग आणि येण्याची वाट शोधा, राखण तिथं ठेवा. शेजाऱ्यांशी मिळून पाळ्या लावा, नाहीतर तुम्ही हाकललेला कळप त्यांच्या शेतात शिरेल.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कुंपणाच्या तारेत लाइनची वीज सोडू नका. रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस त्यात जातो. तो गुन्हाही आहे. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, ते चालतं. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. नुकसान झालं, तर लगेच वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.

जनावर आपली वेळ पाहून वागतं. आपण ती बदलत राहिलो, तर पीक हाती लागेल.