वस्त्रांचीं छायाचित्रें आणि नवा कॅमेरा



१९१२ सालीं दादासाहेब फाळके लंडनास गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परत आले. त्यासाठीं त्यांनीं आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. पुढल्याच वर्षीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, म्हणून त्या साहसाचें आपण आजहि कौतुक करतों. परंतु हा मनुष्य गोध्र्यास छायाचित्रांचें दुकान चालवून, छापखान्याच्या धंद्यांत मुरून मग लंडनास गेला होता, ही गोष्ट कौतुकाच्या भरांत मागें राहते. कर्ज काढून कॅमेरा घेणारे आजहि पुष्कळ आहेत. कशासाठीं घेतों हें सांगूं शकणारे त्या मानानें थोडे.

आमच्या अकलूजचेंच उदाहरण सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी येथें स्टुडिओ चालवितो. लग्नसराईच्या कामावर त्याचें दुकान उभें राहिलें. आतां सोलापुरांतील साड्यांचे व तयार कपड्यांचे व्यापारी त्याजकडून आपल्या मालाचीं छायाचित्रें काढवितात. मुलींस वस्त्रें नेसवून, दिव्यांच्या प्रकाशांत, रीतसर मांडणी करून. ह्यालाच फॅशन फोटोग्राफी म्हणतात. ज्या गांवानें लावणीच्या स्पर्धा भरविल्या, तेथें नऊवारीचा घोळ कसा पडावा हें कोणास शिकवावें लागत नाहीं, हा त्याचा मोठा आधार. आतां त्यास कांहीं लाखांचा नवा कॅमेरा हवा होता आणि बँकेच्या कागदावर जामीन म्हणून माझी सही हवी होती. निवृत्त शिक्षकाची सही म्हणजे त्याचें निवृत्तिवेतनच. तेव्हां मीं त्यास विचारलें, "हल्लींचा कॅमेरा कोणत्या कामास कमी पडतो?" तो म्हणाला, "गुरुजी, मेगापिक्सेल कमी पडतात."

आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. त्याचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्रांत आडवे ६००० आणि उभे ४००० बिंदू. उत्तम छपाईस एका इंचांत ३०० बिंदू धरतात. म्हणजे २० इंच लांब व १३ इंचांहून अधिक रुंद चित्र त्यांतून निर्मळ निघतें. व्यापाऱ्यांचें सूचिपत्र इतकें मोठें कधींच नसतें, आणि मोबाइलच्या पडद्यास तर त्याचा लहानसा अंश पुरतो. चौकांतला मोठा फलक माणूस दुरून पाहतो. तेथें इंचास इतके बिंदू लागत नाहींत.

दुकानदार ज्या गुणांचे दाम घेतो त्यांतले कित्येक स्टुडिओंत उपयोगीच पडत नाहींत. अंधारांत चित्र घेण्याची शक्ति? स्टुडिओंत दिवे आपल्याच हातांत असतात. सेकंदास वीस चित्रें? दोन चमकांमध्यें फ्लॅशला दम खावा लागतो, तो एवढी घाई कोठून करणार? डोळा ओळखून नेम धरणारे नवे बिनआरशाचे कॅमेरे मात्र खरोखर उपयोगाचे आहेत. मुलगी गिरकी घेत असली तरी डोळे स्पष्ट येतात. त्यांत एकच मेख आहे. प्रकाशमापाची झलक दाखविणारी सोय चालू राहिली, तर फ्लॅशच्या कामीं पाहण्याच्या खिडकींत काळोख दिसतो आणि नवखा माणूस कॅमेरा बिघडला असें समजतो. ती सोय बंद करावी.

मग व्यापाऱ्यांची तक्रार होती तरी काय? दोन तक्रारी होत्या. पहिली रंगाची. चित्रांतली साडी विटकरी पाहून गिऱ्हाईक मागविते, घरीं येते ती लाल निघते, आणि साडी परत येते. हा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नव्हे, दिव्यांचा. स्वस्त एल.ई.डी. दिव्यांच्या उजेडांत तांबड्याचा अंश पुष्कळदां उणा असतो. जो रंग उजेडांतच नाहीं तो कॅमेरा कोठून आणील? चांगले दिवे घ्यावे आणि प्रत्येक मांडणीच्या आरंभीं २४ रंगांची पाटी मुलीच्या हातीं देऊन एक चित्र घ्यावें. पुढें संगणकावर सर्व चित्रांचे रंग त्या पाटीवरून जुळवितां येतात.

दुसरी तक्रार अधिक चमत्कारिक. इरकलीच्या बारीक चौकडीवर चित्रांत पाण्याच्या लाटांसारखे रंगीत पट्टे उठत. दोन बारीक चाळण्या एकमेकींवर धरून उजेडाकडे पाहा. तशाच लाटा दिसतील. कापडाचे धागे ही एक चाळणी आणि कॅमेऱ्यांतील बिंदूंच्या ओळी ही दुसरी. ह्यावर उपाय म्हणून कांहीं कॅमेऱ्यांत बिंदूंपुढें चित्र किंचित् मऊ करणारा पडदा बसवितात. कॅननच्या आर ५ मध्यें तो आहे. निकॉनच्या झेड ७ मध्यें नाहीं. दोहोंत बिंदू सुमारें ४५ मेगापिक्सेलच. येथें मेगापिक्सेल वाढविल्यानें लाटा कमी होतात हें खरें, पण नाहींशा होतातच असें नाहीं. एक पाऊल मागें सरून किंवा साडीचा कोन बदलून त्या पुष्कळदां फुकट जातात.

फुजीफिल्मचे १०० मेगापिक्सेलचे मोठ्या पटाचे कॅमेरे पाहून तर त्याचे डोळे दिपले होते. त्यांचा पट ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, म्हणजे नेहमींच्या ३६ बाय २४ च्या दीडपटीहून अधिक. चित्रें अप्रतिम, ह्यांत वाद नाहीं. परंतु न दाबलेलें एकेक चित्र २०० एम.बी.च्या घरांत जातें. एका दिवसांत हजार चित्रें घेणाऱ्यानें मग संगणक व सांठवणहि नवी घ्यावी; भिंगें तर निराळींच लागतात. हें खर्चाचें शेपूट जाहिरातींत दिसत नाहीं.

माझ्या मतें क्रम असा: आधीं दिवे, मग ८५ मिलिमीटरचें एक उत्तम भिंग, आणि त्यानंतर कॅमेरा. तोहि पुण्यास एक दिवस भाड्यानें घ्यावा. बरोबर आपल्याच साड्या न्याव्या: एक इरकल, एक जरीची, एक गर्द लाल. आपले दिवे न्यावे. कॅमेरा तारेनें संगणकास जोडून व्यापाऱ्यासमोर चित्रें काढावीं आणि त्यांतलीं दोनचार छापून साडीशेजारीं ठेवावीं. जुन्या कॅमेऱ्याचीं चित्रेंहि त्याच दिवशीं, त्याच प्रकाशांत काढलेलीं असावीं.

दिवे आणि भिंग ह्यांपुरत्या कर्जाच्या कागदावर मीं सही केली आहे. कॅमेऱ्याचा कागद पुण्याहून छापील चित्रें आल्यावर पाहूं असें ठरलें आहे. जुना कॅमेरा मात्र कोणत्याहि परिस्थितींत विकावयाचा नाहीं. मुली नटूनथटून उभ्या असतांना नवा बंद पडला, तर दुसरा हाताशीं असलाच पाहिजे.